कवळी टाळूला मागून का सुटते?

बोलताना वरची कवळी खाली येते म्हटलं की सगळा दोष मापाला दिला जातो. पण माप चोख असूनही कवळी सुटते. तयार कवळी मॉडेलवर (मापात स्टोन म्हणजे कडक जिप्सम ओतून केलेल्या तोंडाच्या प्रतिकृतीवर) ठेवून मागून बघा: टाळूच्या मधोमध उजेड दिसतो आणि दोन्ही बाजूंच्या कडा आत ओढलेल्या असतात. ही फट लॅबमध्ये पडलेली असते.

कवळीचं ॲक्रिलिक प्लास्टिक पावडर आणि लिक्विड मिसळून करतात. हे लिक्विड म्हणजे मोनोमर, आणि तो पक्का होताना सुमारे 21 टक्के आक्रसतो. म्हणून मापाने तीन भाग पावडरला एकच भाग लिक्विड घ्यायचं, म्हणजे ही घट 7 टक्क्यांच्या आसपास येते. पण फट पडायचं मोठं कारण आहे थंड होणं. गार होताना ॲक्रिलिक स्टोनपेक्षा कितीतरी जास्त आक्रसतं, स्टोन त्याला धरून ठेवतो आणि ताण आत साठतो. फ्लास्क (मॉडेल आणि ॲक्रिलिक दाबून धरणारा दोन भागांचा धातूचा डबा) फोडला की तो ताण सुटतो आणि कवळी वाकते.

म्हणूनच माझं मत रात्रभराच्या क्युअरिंगला (गरम पाण्यात ॲक्रिलिक पक्कं करण्याला) आहे: 74 अंशांवर 8 ते 9 तास. घाई असेल तर 74 अंशांवर 2 तास आणि मग उकळत्या पाण्यात 1 तास. थेट उकळीत टाकाल तर जाड भागात मोनोमरच उकळतो (तो 100.3 अंशांना उकळतो) आणि छिद्रं पडतात. नंतर क्लॅम्प न काढता फ्लास्क अर्धा तास टेबलावर, मग पाव तास नळाच्या पाण्यात. गरम फ्लास्क उघडू नका, पेशंट बाहेर बसून असला तरी.

बडोद्यात एप्रिल-मे महिन्यांत वेगळीच अडचण येते. उकाड्याने पावडर-लिक्विडच्या मिश्रणाला झटकन तार सुटते, ते भांड्याच्या कडेला चिकटायचं थांबतं आणि बघता बघता रबरासारखं होतं. असं ताठ मिश्रण भरलं की फ्लास्क पुरता बंद होत नाही आणि बाइट (दात मिटल्यावरची उंची) उंच येतो. मऊ करायला वरून लिक्विड ओतणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्याने आक्रसणं वाढतं. झाकण लावलेलं भांडं गार पाण्यात ठेवा. ओलं सेलोफेन घालून ट्रायल क्लोजर करा, म्हणजे फ्लास्क तात्पुरता दाबून बंद करा, बाहेर आलेलं कापा, आणि फ्लास्कचे दोन भाग धातूला धातू टेकेपर्यंत पुन्हा दाबा. शेवटच्या वेळी सेलोफेन काढायला विसरू नका.

कोल्ड क्युअर (न तापवता रसायनाने पक्कं होणारं ॲक्रिलिक) कमी तापमानात होतं, त्यामुळे ते सुरुवातीला छान बसतं. पण त्यात 3 ते 5 टक्के मोनोमर उरतो, हीट क्युअरमध्ये (तापवून पक्कं केलेल्यात) 0.2 ते 0.5. म्हणून ते दुरुस्तीपुरतंच ठेवावं. इंजेक्शन पद्धतीत फ्लास्क आधीच बंद असतो आणि दाबाखाली माल येत राहतो, त्यामुळे बाइट फारसा चढत नाही. मिलिंगमध्ये (मशीनने कवळी कोरून काढण्यात) ॲक्रिलिकची डिस्क तर आधीच पक्की झालेली असते. आक्रसायचं ते आधीच आक्रसून गेलेलं, म्हणून बसायला तीच सरस. तिथे अडतं ते मशीनच्या किमतीपाशी.

पॉलिश ओलं ठेवून, थांबत थांबत करा. तापलेली कवळी पुन्हा वाकते. देईपर्यंत ती पाण्यात बुडवून ठेवा. ॲक्रिलिक पाणी पिऊन किंचित फुगतं आणि आक्रसण्याची थोडी भरपाई होते. घरी उकळत्या पाण्याने कवळी धुवायची नाही, हेही पेशंटला स्पष्ट सांगा.