तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी वर का लागते?

जुनी लष्करी रायफल पहिल्यांदाच रेंजवर नेलेले लोक मला हमखास विचारतात: 100 मीटरवर नेम मधोमध धरला, तरी गोळ्या वीतभर वर लागतात. साईट (नळीवरची नेम धरायची खूण; एक पुढे, एक मागे) बिघडली आहे का?

बहुतेक वेळा नाही. ती साईट 100 मीटरसाठी बनवलेलीच नसते. माझ्याकडे स्वीडिश मॉझर एम 96 आहे. तिच्या मागच्या साईटवरचा सर्वांत लहान आकडा 300 मीटर आहे. जर्मन गेवेर 98 ची जुनी साईट तर 400 पासून सुरू होते. लढाईच्या धांदलीत सैनिकाने साईट खालीवर करत बसू नये, समोरच्याच्या कमरपट्ट्यावर नेम धरावा आणि तो जवळ असो की 300 मीटरवर, गोळी शरीरात लागावी, असा तो हिशोब होता.

यावर दुसरा प्रश्न येतोच: म्हणजे गोळी नळीतून निघाल्यावर वर उठते? नाही. नळी सोडल्या क्षणापासून ती खालीच पडत असते. साधारण 750 मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी नळीच्या सरळ रेषेपासून 100 मीटरवर सुमारे 10 सेंटीमीटर खाली येते, 200 मीटरवर 40 च्या पुढे, 300 वर मीटरभर. अंतर तिप्पट, पडणं दहापट. हे भरून काढायला मागची साईट उंच ठेवतात, त्यामुळे नजर सपाट असताना नळी किंचित वर रोखलेली असते. गोळी नजरेची रेषा जवळच खालून वर ओलांडते आणि 300 मीटरवर पुन्हा तिच्यावर उतरते. 100 मीटरवरचा तुमचा लक्ष्याचा कागद नेमका या कमानीच्या पोटात उभा असतो.

आता झिरो करायचं, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणायचं, कसं? एकाच प्रकारची काडतुसं घ्या, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि पाच गोळ्या शांतपणे झाडा. एका गोळीवरून काहीही ठरवू नका. पाचांचा मध्य बघा. मग रायफल रिकामी करून, दोनदा तपासून, पुढच्या साईटला हात लावा. ती चुकीच्या दिशेनेच सरकवायची असते: गोळ्या डावीकडे गेल्या तर साईट डावीकडे, वर गेल्या तर साईट उंच. पुढची साईट डावीकडे सरकली की ती लक्ष्यावर आणताना नळी आपोआप उजवीकडे वळते. किती, ते त्रैराशिकाने निघतं. दोन साईट्समध्ये 60 सेंटीमीटर अंतर असेल आणि 100 मीटरवर 20 सेंटीमीटरची चूक असेल, तर बदल फक्त 1.2 मिलिमीटरचा.

म्हणूनच मी कानस हातात घेऊ देत नाही. माझ्या रायफलीच्या आधीच्या मालकाने गोळ्या वर लागतात म्हणून पुढची साईट घासली होती. साईट बुटकी झाली आणि गोळ्या आणखी वर गेल्या. शंभर वर्षं टिकलेल्या भागावर तो चकचकीत ओरखडा पाहून मला फार वाईट वाटलं. वर लागणाऱ्या गोळ्यांना उंच साईटच हवी. तशी मिळवून मी खाचेत बसवली. घासलेली जुनी साईट एका डबीत जपून ठेवली आहे, आणि कुणी कानशीचं नाव काढलं की तीच त्याच्या तळहातावर ठेवतो.