भाड्याची लेन्स

रविवार, रात्री साडेदहा

खांदा अजून ठणकतोय. लांबचे पक्षी टिपायला घेतलेली दोन किलोची 150-600 एमएमची झूम लेन्स, तीही भाड्याची. दिवसभर दुसऱ्याचं तान्हं बाळ सांभाळल्यासारखं वाटलं.

पहाटे चारला पुण्याहून निघालो. सोलापूर रस्त्याने भिगवण, तिथून कुंभारगाव. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला नावेत बसलो तेव्हा उजनीच्या पाण्यावर नुसता अंधुक उजेड होता. मोठ्या ऐटीत लेन्स काढली आणि तिथेच फजिती झाली. 600 वर, म्हणजे पूर्ण झूमवर, ती एफ 6.3 च्या पुढे उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), आणि हलत्या नावेतून शटर सेकंदाच्या 1/1000 इतकं झटपट तरी हवं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, इतका चढवावा लागला की फोटोत रोहित कमी आणि दाणेदार रवाच जास्त. शेवटी पिशवीतली 50 एमएम एफ 1.8 लावली, माझ्याकडची सगळ्यात स्वस्त लेन्स. ती जवळजवळ बारापट उजेड आत घेते. पक्षी तिच्यात ठिपक्याएवढे दिसणार, म्हणून बांबू घेऊन उभ्या असलेल्या नावाडीदादांचाच फोटो काढला.

सूर्य वर आल्यावर दादांनी इंजिन बंद केलं. "ताई, घाई करू नका. पाखरं चरत्यात, हळूहळू नेतो." बांबूने ढकलत, थांबत, तिरकं तिरकं नेलं त्यांनी. रोहितांनी चिखलातल्या चोची वर काढल्या नाहीत. आता संगणकावर बघतेय, तर त्या वेळचे बरेचसे फोटो 250-300 च्या आसपास काढलेले. म्हणजे घरची 55-250 सुद्धा चालली असती! भाड्याचे पैसे आठवून थोडं पोटात दुखलं.

ऊन चढलं तशी पाण्यावरची हवा थरथरायला लागली. त्यानंतर लांबून काढलेला प्रत्येक पक्षी विरघळल्यासारखा आलाय. आधी वाटलं फोकस चुकला, पण तसं नाही. तापल्या हवेतून उजेडच वेडावाकडा येतो, तिथे पाच लाखांची लेन्सही काय करणार?

पण एक फोटो आहे. हवा थरथरायच्या आधीचा. ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) मासा उचलून आमच्या उजवीकडून गेला. पंजातल्या माशाचे खवलेसुद्धा दिसतात. हा 600 चा आहे, आणि घरच्या लेन्सने तो आला नसता. 'लेन्सने काही फरक पडत नाही' असं म्हणणाऱ्यांनी (मीही म्हणत आले आहे) एकदा ऑस्प्रेच्या मागे लागून पाहावं. तो काही नावाडीदादांसाठी थांबत नाही.

उद्या दहाच्या आत लेन्स परत द्यायची आहे. पुसून ठेवली.

दादांना त्यांचा पहाटेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मला तो आजचा सगळ्यात चांगला वाटतो. मागे धुकं, अंगावर घोंगडी, चेहऱ्यावर जेमतेम उजेड. त्यांचं उत्तर लगेच आलं: "अंधार आलाय ताई. पाखराचा पाठवा."