उत्तराची तारीख ठरलेली असते

सोमवार, रात्री

आमच्या कन्सल्टिंग कंपनीत (इतर कंपन्यांना त्यांच्या अडचणींवर सल्ला देणं हे आमचं काम) टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने आज जेवताना विचारलं, "ताई, एवढी पीएचडी करून इकडे का आलात?" हा प्रश्न मला आधी पीएचडीच्या सरांनी विचारला होता, मग घरच्यांनी, आणि इंटरव्ह्यूत तर तो हमखास यायचा. तिथे द्यायचं उत्तर पाठ झालं होतं. आज त्याला खरं सांगावंसं वाटलं.

थिसिस संपत आला तेव्हा माझा प्रश्न एका एन्झाइमच्या एका छोट्या भागाच्या हालचालीवर येऊन थांबला होता. तो प्रश्न मला आजही सुंदर वाटतो. पण त्याचं उत्तर हाती आल्यावर कोण, कुठे, काय वेगळं करणार, हे मला दिसत नव्हतं, आणि तेच बघायची ओढ वाढत चालली होती. एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), मग दुसरी, मग कुठे जागा निघते का याची वाट, हा हिशेबही मनात होताच. पण नुसत्या त्या हिशेबासाठी मी लॅब सोडली नसती.

सर गप्प राहिले होते. मग म्हणाले, "जाशील तिथे आकडे तपासून घेत जा." मी घेते, सर.

"विज्ञान सोडलंस" हे वाक्य मात्र अजून टोचतं. या व्यवसायातल्या सगळ्यात जुन्या कंपन्यांपैकी एक रसायनतज्ज्ञांनीच काढली होती. आर्थर डी. लिटल आणि रॉजर ग्रिफिन यांनी 1886 मध्ये बॉस्टनला कारखान्यांसाठी रासायनिक तपासण्या करून द्यायला सुरुवात केली. मॅकिन्सी ही मोठी कन्सल्टिंग कंपनी 1926 ची, हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने काढलेली. पण 1988 मध्ये तिचे प्रमुख झालेले फ्रेड ग्लक आधी बेल लॅब्स या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधनाच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होते. लॅबमधून इकडे येणारी वाट बरीच जुनी आहे.

बुधवार

लॅबमधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. तिलाही यायचंय, केस इंटरव्ह्यूची, म्हणजे समोर दिलेला प्रश्न तिथल्या तिथे सोडवून दाखवायच्या मुलाखतीची, धास्ती आहे. मोठ्या कंपन्या एमबीएवाल्यांबरोबर पीएचडीवाल्यांनाही घेतात, बऱ्याचदा त्याच पातळीवर, आणि ताळेबंद वाचायला नंतर शिकवतात, हे तिला माहीत होतं. भीती होती ती "एका शहरात किती लिफ्ट लागतील?" असल्या प्रश्नांची. माहिती शून्य, हातात काही मिनिटं.

तिला फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 16 जुलै 1945 ला ट्रिनिटीची अणुचाचणी झाली तेव्हा एन्रिको फर्मी स्फोटापासून सुमारे 16 किलोमीटरवर उभे होते. धक्क्याची लाट येण्याआधी, ती येताना आणि ती गेल्यावर त्यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले. कपटे साधारण अडीच मीटर सरकले, आणि त्यावरून त्यांनी अंदाज बांधला: 10 हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढा. नंतरच्या मोजणीत स्फोट 20 हजार टनांच्या वर निघाला. म्हणजे अंदाज निम्म्याच्या आसपास. तरीही एवढ्याशा साधनावर आणि तेवढ्या वेळात मिळालेला तो आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण 100 टन की लाख टन हा प्रश्न त्याने तिथल्या तिथे मिटवला. केसमध्ये समोरचा माणूस नेमकं हेच बघतो. प्रश्न कसा फोडलास, कुठलं गृहीतक धरलंस, आणि ते चुकलं तर उत्तर किती हलेल. "मोठ्याने विचार कर," एवढं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. पीएचडीत आपण मनातल्या मनात विचार करायला शिकतो आणि खात्री झाल्याशिवाय बोलत नाही. ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शुक्रवार, उशिरा

सध्याचं काम एका औषध कारखान्याच्या पॅकिंगचं आहे. लाइन सारखी बंद पडते, का ते शोधायचंय. लॅब असती तर एकेक घटक बदलून, बाकी सगळं स्थिर ठेवून बघितलं असतं. इथे लाइन थांबवता येत नाही. शिफ्टच्या नोंदी एक्सेलमध्ये, प्रत्येक सुपरवायझरची लिहायची पद्धत वेगळी. एकाच बिघाडाला तीन नावं. त्या नोंदी साफ करण्यातच आठवड्यातला बराचसा वेळ गेला, आणि खरं सांगायचं तर ते काम मला मनापासून आवडलं.

क्लायंटची बोर्ड मीटिंग ठरलेली आहे. त्या दिवशी नवीन मशीन घ्यायचं की नाही हे ते ठरवणारच, माझा पुरावा पुरा असो वा नसो. थिसिसमध्ये निष्कर्ष शेवटच्या प्रकरणात यायचा. इथे तो स्लाइडच्या मथळ्यात लिहायचा आणि कारणं खाली. ही घाई म्हणजे उथळपणा असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. ज्याला निर्णय घ्यायचाय त्याला अर्धवट खरं वेळेत मिळणं, पूर्ण खरं सहा महिन्यांनी मिळण्यापेक्षा उपयोगाचं असतं. एक अट मात्र मी सोडत नाही: ते अर्धवट आहे हे त्याला कळलं पाहिजे.

आज यावरच चर्चा झाली. नव्या मशीनमुळे होणारी बचत मी एका आकड्यात न लिहिता पट्ट्यात लिहिली होती, कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी. मॅनेजर म्हणाले, एकच आकडा ठेव, वाचायला सोपा जातो. मी म्हटलं, पट्ट्याच्या खालच्या टोकाला मशीनचा खर्च निघत नाही, आणि बोर्डाला कळायला हवी ती गोष्ट हीच आहे. ते बराच वेळ स्लाइडकडे बघत राहिले. मग पट्टा राहिला. खाली एक ओळही वाढवली: पॅकिंगच्या लाइनवर बिघाडांची नोंद आपोआप घेणारा सेन्सर महिनाभर लावला, तर हा अंदाज बराच नेमका होईल.

सेन्सरचा खर्च मशीनच्या मानाने अगदी किरकोळ आहे. बोर्डाने आधी तो लावायचं ठरवलं तर बरं होईल. कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्यांशी उद्या सकाळीच बोलून घेते.