मॅसलिन बीच: पस्तीस वर्षांनी समुद्रात

माझ्या अंगावर कोड आहे. कॉलेजात असताना कोपरापाशी पहिला डाग आला, आता पाठ, पोट, मांड्या सगळीकडे पसरलाय. माहेर गुहागरचं, समुद्र अगदी दारात; पण लग्नाआधी शेवटची पाण्यात उतरले ती अंगभर कपड्यांनिशी. त्यानंतर पस्तीस वर्षं पूर्ण बाह्यांचे ब्लाउज. हे आधीच सांगते, म्हणजे अ‍ॅडलेडला लेकीकडे गेल्यावर मी हा किनारा का गाठला ते कळेल.

मॅसलिन बीच अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर आहे. अंगावर कपडे ठेवायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, अशी कायदेशीर मुभा देणारा हा ऑस्ट्रेलियातला पहिला किनारा. ही परवानगी १९७५ सालची, डॉन डन्स्टन साउथ ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्रीच म्हणा) असतानाची. हेच गृहस्थ १९७२ मध्ये गुलाबी हाफ पँट घालून विधिमंडळात गेले होते. लेकीनं तो फोटो दाखवला तेव्हाच मला ते आवडून गेले.

गाडीनं पाऊण तास लागतो. गाडी नसेल तर सीफर्डपर्यंत लोकल आहे, पुढच्या थोड्या अंतरासाठी टॅक्सी करा. एक लक्षात ठेवा, अख्खा किनारा तसा नाही. उत्तरेकडे घरं आहेत, तिथं सगळे पोहण्याच्या कपड्यांत असतात. मुभा फक्त दक्षिणेच्या भागात, आणि तिथं तशी पाटी आहे. पाटीच्या अलीकडे कपडे उतरवू नका.

आम्ही फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गेलो. सुट्टीचा दिवस टाळला तर इतका मोठा किनारा जवळजवळ रिकामा मिळतो. खाली उतरलो आणि मी आधी माणसांकडे पाहिलंच नाही, कड्याकडे पाहत राहिले. खाली पिवळट, मध्ये गेरूसारखा तांबडा, वर पांढरा, आणि ऊन कलतं तसे सगळे रंग उजळत जातात. दक्षिण टोकाला ब्लांच पॉइंट आहे. तिथल्या चुनखडीत मळसूत्रासारखे पीळ असलेले शंख रुतलेत, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे. बोट फिरवलं की पीळ जाणवतात. पण कड्याच्या पायथ्याशी सावली दिसते म्हणून चटई टाकू नका, वरून माती-दगड सुटतात. आणि भरतीची वेळ बघूनच त्या टोकाकडे जा.

माणसं बहुतेक साठीच्या पुढची. एक आजोबा नुसती टोपी घालून शब्दकोडं सोडवत होते. एका बाईंच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा लांब व्रण होता, त्या थर्मासमधून चहा ओतत होत्या. मी पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात अर्धा तास बसून राहिले. कपड्यांत बसलेल्यालाही कुणी काही म्हणत नाही, हे जाणाऱ्या बायकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावं. लेक म्हणाली, "आई, तुला नको असेल तर आपण नुसतं सूर्यास्त बघून जाऊ." मी म्हटलं, "थांब गं जरा."

मग कुर्ता काढला. आतला पोहण्याचा पोशाख तेवढा अंगावर ठेवला, तेवढंच मला जमण्यासारखं होतं. लेकीनं पाठीला सनस्क्रीन लावलं. तिनं माझी अख्खी पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. काही बोलली नाही, डागांच्या कडेकडेनं बोटं फिरवत नीट लावत राहिली.

पाण्याकडे जाताना त्या चहावाल्या बाई समोर आल्या. माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या, पाणी गार आहे, पण दोन मिनिटांत सवय होते. बस. पस्तीस वर्षं माझ्याशी बोलताना माणसाची नजर आधी हातावर जाते, मग चेहऱ्यावर येते. तिथं ती सरळ चेहऱ्यावर आली. पाणी खरंच गार होतं. हे आखात आहे, लाटा गुहागरच्या मानानं मऊ. मी गळ्यापर्यंत आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही.

आता उन्हाचं. तिथलं ऊन आपल्या मे महिन्यासारखं भाजत नाही, म्हणून माणूस फसतो. उन्हाळ्यात दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक १० च्याही वर जातो, आणि कोडाच्या जागी रंगद्रव्य नसल्यानं कातडी फार लवकर पोळते. एसपीएफ पन्नासच्या वरचं सनस्क्रीन घ्या, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. चार वाजल्यानंतरच जा. फेब्रुवारीत सूर्य आठच्या सुमारास मावळतो, भरपूर वेळ मिळतो. मी इतकं करूनही पावलांची वरची बाजू विसरले, तिथं तीन दिवस आग होत होती.

पाणी, खाणं, छत्री बरोबर न्या, खाली दुकान नाही. बसायला स्वतःचा टॉवेल हवाच. मोबाइल पिशवीतून काढू नका, निसर्गाच्या फोटोसाठीसुद्धा. कॅमेरा कुणाकडे वळलाय हे समोरच्याला कळत नाही. टक लावून बघणं तिथं फार वाईट समजतात. नुसतं बघायला म्हणून मित्रांचं टोळकं घेऊन जाणार असाल तर कृपा करून जाऊ नका.

समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य गुहागरसारखाच पाण्यात बुडतो. त्या वेळी कडा काही मिनिटं पूर्ण तांबडा होतो. अंधार पडायच्या आत वर चढायला लागा, चढ दमवणारा आहे. कुर्ता ओला झाला होता, म्हणून मी लेकीचा बिनबाह्यांचा टीशर्ट घालून वर आले आणि गाडीत तसाच अंगावर ठेवला.