गांधीजींची कोठडी कुठे आहे?

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तुमच्या-आमच्यासाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो, मग अख्खं नागपूर वर लोटतं. मी गाइडचं काम करतो. 'कायमची बाग करा ना इथे', हे दर वेळी कानावर येतं. त्या तीन दिवसांत होणारा कचरा पाहिला की मला लष्कराचंच पटतं.

माझी आवडती जागा दोन्ही टेकड्या नीट दिसतील अशी. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य इथेच भिडलं. २७ नोव्हेंबर १८१७ च्या सकाळी भोसल्यांकडच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली, म्हणजे कंपनीचे लोक थोरल्या टेकडीवर थेट माऱ्यात आले. मग कॅप्टन फिट्झगेराल्डचं घोडदळ खालच्या मैदानात घुसलं आणि पारडं फिरलं. हे मी हातवारे करून, जीव तोडून सांगतो. तेवढ्यात कुणीतरी भुयाराचं विचारतंच.

या २६ जानेवारीला एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. म्हणाले, "ते लढाईचं राहू द्या जी. गांधीजींची कोठडी दाखवा. याला त्याच्यासाठीच आणलं."

गांधीजींना या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, असं सांगून आमच्यातले काही जण ती कोठडी बिनदिक्कत दाखवतात, लोक खूश होतात. इंटरनेटवर तारखाही सापडतात: १० एप्रिल ते १५ मे १९२३. पण गांधीजींना १० मार्च १९२२ ला अटक झाली, १८ मार्चला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला ठेवलं. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ५ फेब्रुवारीला सुटका झाली. एप्रिल १९२३ मध्ये ते येरवड्यातच होते.

मी हे सगळं सांगितलं. आजोबा म्हणाले, "काय सांगून राहिले जी? आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं." पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं, "मग आबा खोटं बोलले?"

"नाही रे. आबांनी ऐकलं तेच सांगितलं. ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, त्यानं तपासलं नाही."

आजोबा गप्प झाले. मग मी झेंडा सत्याग्रहाचं काढलं. १९२३ च्या त्याच उन्हाळ्यात, गांधीजी तुरुंगात असताना, नागपुरात लोक तिरंगा घेऊन, झेंडा न्यायला बंदी असलेल्या सिव्हिल लाइन्सकडे निघायचे आणि अटक करवून घ्यायचे. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. एवढं मोठं काम या शहरात झालं आणि आपण न झालेली कोठडी शोधत फिरतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

उतरताना आजोबांनी एवढंच विचारलं, "पोरासमोरच सांगायचं होतं का?"

याचं उत्तर मला अजून देता येत नाही. एक जुना सहकारी म्हणाला, "दाखवायची होती एखादी खोली, तुझं काय जात होतं?" ते मात्र माझ्याच्यानं व्हायचं नाही. १५ ऑगस्टला मी कोठडीचं कुणी विचारायच्या आधीच झेंडा सत्याग्रहापासून सुरुवात करणार आहे.