डबा उघडून पाहिल्याशिवाय फळीवर नाही

पारोळ्यात धुळे-जळगाव रस्त्यावर आमचं ऑइल आणि फिल्टरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रक, पिकअप, पाण्याच्या पंपावरची इंजिनं, सगळ्यांचे फिल्टर आम्ही ठेवतो. मागच्या खोलीतला माल मात्र विकायचा नाही. तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून निघालेले, कापून उघडलेले जुने फिल्टर मांडलेले आहेत. प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधलेली: गाडी कोणती, किती तास किंवा किलोमीटर चालली, ऑइल कोणतं, कोणत्या महिन्यात काढला. पुढच्या फळीवर काय लागायचं ते या खोलीत ठरतं.

सुरुवात आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची. ते मूळचे मिस्त्री. कापूस आणि दादर ज्वारीच्या या पट्ट्यात ट्रॅक्टर वाढले तसं इंजिन बांधायचं काम वाढलं. बेअरिंग, रिंगा, वायसर आणायला दर वेळी धुळं गाठावं लागू नये म्हणून त्यांनी गॅरेजला लागूनच सुट्या भागांचा गाळा घेतला. तेव्हाच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत ऑइल फिल्टर म्हणजे लोखंडी वाटीत बसणारं कागदी एलिमेंट. बोल्ट सोडून वाटी खाली घेतली की कागद हातात. आप्पा ते उन्हात धरायचे, बोटाने घड्या उलगडायचे आणि इंजिनाबद्दल बोलू लागायचे: पाण्याचा अंश आलाय, बेअरिंग संपत आलंय. शेतकऱ्याला ते समोर दिसायचं, म्हणून पटायचं.

पुढे फिरवून बसवायचे बंद डब्याचे फिल्टर आले. बदलायला सोपे, सांडलवंड कमी. पण कागद डब्यात गेला आणि बघणं थांबलं. उरला रंगवलेला पत्रा, त्यावरचा छाप आणि किंमत. दोन डबे शेजारी ठेवले तर बाहेरून फरक कळत नाही, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी. गिऱ्हाईक विचारणार, "हाई कितलाले शे, भाऊ?" आणि स्वस्तातला उचलणार. त्यात त्याचं काही चुकत नाही. आतलं त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. ते दाखवणं विकणाऱ्याचं काम आहे असं आम्हा दोघा भावांचं ठाम मत झालं. गॅरेज धाकट्याने सांभाळायचं आणि मी फिल्टरचा धंदा वाढवायचा, हे ठरलं ते याच मतावर.

आधी प्रश्न आला कापायचा. आरीने कापलं तर पत्र्याचा कीस कागदावर पडतो. मग इंजिनातून आलेला धातू कोणता आणि पात्याने पाडलेला कोणता, हे सांगता येत नाही. म्हणून लेथवाल्याकडून पाइप कटरच्या धर्तीवर मोठ्या तोंडाचं एक कटर करून घेतलं. डबा भोकं खाली करून रात्रभर निथळत ठेवायचा, सकाळी कडेला चाक टेकवायचं आणि फिरवत फिरवत दाब वाढवायचा. कीस पडत नाही, तोंड स्वच्छ उघडतं.

आत काय बघायचं ते कळायला तेलाची वाट माहीत हवी. कडेच्या लहान भोकांतून तेल डब्यात शिरतं, कागदाच्या बाहेरच्या अंगाकडून आत जातं, मधल्या जाळीदार नळीत येतं आणि आट्यांच्या मोठ्या भोकातून इंजिनात परततं. म्हणजे घाण कागदाच्या बाहेरच्या अंगाला सापडायला हवी. मधल्या नळीत गाळ किंवा कण दिसले, की तेल आडवाटेने गेलंय हे नक्की. मग ती वाट शोधायची. कागदाच्या टोकांना झाकण चिकटवलेलं असतं, तिथला गोंद सुटलाय का? कागदाची दोन टोकं जिथे जोडली तो सांधा उघडलाय का? घडीच्या धारेवर चीर आहे का? झाकण पत्र्याचं की जाड फायबरचं यावरून आम्ही माल नाकारत नाही. गोंद गोल पुरता फिरलेला आणि वापरानंतरही धरून असला की झालं.

हलक्या मालाची सगळ्यांत बोलकी खूण घड्यांत असते. हा कागद साधा नसतो. त्यात रेझिन मुरवून तो उष्णता देऊन पक्का केलेला असतो. ते काम अर्धवट राहिलं तर गरम तेलात कागद मऊ पडतो, घड्या एकमेकींना चिकटून त्यांचे गुच्छ होतात. चिकटलेल्या घड्यांतून तेल जात नाही, सगळा भार उरलेल्यांवर येतो. मधली नळी पातळ पत्र्याची असेल तर तीही आत चेपते.

मग आम्ही कागद सोडवून मोजतो. समजा घड्या ५०, खोली १.२ सेंटिमीटर, उंची ८ सेंटिमीटर. घडीला दोन बाजू, म्हणून ५० × २ × १.२ × ८, म्हणजे ९६० चौरस सेंटिमीटर कागद. त्याच मापाच्या दुसऱ्या डब्यात घड्या ३५ निघाल्या तर ६७२. बाहेरून दोन्ही सारखे, आत जवळजवळ एक तृतीयांश कागद कमी. कृत्रिम धाग्याच्या फिल्टरला कमी क्षेत्रही पुरतं, त्यामुळे ही तुलना कागदाची कागदाशीच करायची. पण हा हिशेब पाटीवर मांडून दाखवला की गिऱ्हाईक किमतीवर अडून बसत नाही, हा माझा अनुभव आहे.

रबराकडे फार कमी लोक बघतात, आणि खानदेशात तर ते आधी बघायला हवं. भोकांच्या आत रबराची एक चकती असते. इंजिन बंद झालं की ती डब्यातलं तेल मागे जाऊ देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर तिचं काम फार महत्त्वाचं. ती कडक झाली की रात्रीतून डबा रिकामा होतो आणि सकाळी चावी फिरवल्यावर तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन खडखडतं. वैशाखात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, इंजिनाजवळची उष्णता त्यावर वेगळी. साधं नायट्राइल रबर उष्णतेने हळूहळू कडक होतं, सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं. रंगावर विश्वास ठेवू नये. जुन्या फिल्टरमधून काढलेली चकती चिमटीत दुमडून बघावी. तडा गेला तर तो माल आमच्याकडे नाही.

बायपास झडप म्हणजे कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट असलं तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून ठेवलेली वाट. तिची स्प्रिंग लुळी असेल तर झडप सदा उघडी राहते आणि तेल न गाळता पुढे जातं. पूर्ण मुदत चाललेल्या फिल्टरच्या घड्या खोलवर कोऱ्या निघाल्या, तर लोक खूश होतात. आम्ही झडप तपासतो. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या अंगातच असते, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

या कामातून आमचा गॅरेजवाल्यांशी संबंध घट्ट झाला. एरंडोल, अमळनेरकडचे मिस्त्री आता इंजिन उघडायच्या आधी फिल्टर घेऊन येतात. घड्या उन्हात उलगडायच्या आणि पिशवीत गुंडाळलेलं चुंबक खालून फिरवायचं. ओढला जातो तो लोखंडी कण: रिंग, लायनर, कॅम. न ओढला जाणारा पांढरट चमकदार कण बहुधा पिस्टनचं ॲल्युमिनियम. तांबूस चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय, किंवा बुश झिजलाय. नव्या इंजिनाच्या पहिल्या बदलीत थोडी चमक असतेच, तिला घाबरायचं नाही. फुगून लाटा पडलेला कागद आणि सायीसारखा गाळ दिसला की पाणी शिरलंय. गॅस्केटच्या पेस्टचे तुकडेही पुष्कळ निघतात. पेस्ट बेताने लावा, असं मी प्रत्येक मिस्त्रीला सांगतो, कारण तोच तुकडा तेलाच्या वाटेत अडकू शकतो.

आमच्या पद्धतीची हद्दही आम्ही सांगतो. किती बारीक कण अडला हे डोळ्यांनी कळत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉनचा. फिल्टरचं खरं काम त्याहून कितीतरी बारीक कणांत चालतं. ते मोजायला आयएसओ ४५४८ या मानकातल्या चाचण्या आहेत आणि त्या प्रयोगशाळेतच होतात. म्हणून उत्पादकाकडून त्या चाचणीचे आकडे आम्ही लेखी मागतो. आणि तेल काळं पडलं म्हणून फिल्टर वाईट, हे तर मुळीच खरं नाही. डिझेलची काजळी एक मायक्रॉनहूनही बारीक, ती कागदातून जाणारच. कापलेला फिल्टर बांधणी कशी आहे आणि ती वापरात टिकली का, एवढंच सांगतो. आमच्या मते बाजारातला बराचसा फरक नेमका तिथेच आहे.

तुलना करताना ट्रॅक्टर तोच, ऑइल तेच आणि तास जवळपास सारखे, ही अट आम्ही सोडत नाही. २५० तासांचा आणि दुप्पट चाललेला फिल्टर शेजारी ठेवून निकाल देणं अन्यायाचं आहे. शिवाय त्याच जातीचा एक कोरा डबाही कापून शेजारी ठेवतो.

एका हंगामात एकाच खोक्यातल्या फिल्टरांची टोकं लागोपाठ सुटलेली निघाली. ठोक व्यापाऱ्याने आधी हात वर केले, गिऱ्हाइकाने तास जास्त ओढले असतील म्हणाला. आम्ही चिठ्ठ्यांसकट तुकडे त्याच्या टेबलावर मांडले, त्याच खोक्यातला कोरा डबा त्याच्यासमोर कापला आणि अपुरा गोंद दाखवला. माल परत गेला. फळी काही आठवडे अर्धी रिकामी राहिली, पण तेवढ्यासाठी दुसरा अनोळखी माल भरला नाही. ज्याचा डबा कापू दिला जात नाही त्याच्याशी आमचा व्यवहार होत नाही.

निथळलेलं तेल आम्ही पिंपात साठवतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं, म्हणून परवानाधारक पुनर्वापरवाल्यालाच देतो. बांधाला किंवा लाकडाला लावायला कोणी मागितलं तर नाही म्हणतो. बोरी नदीच्या काठच्या गावांत विहिरींचं पाणी प्यायचं असतं.

आता जिनिंगवाल्यांच्या कॉम्प्रेसरचे आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे फिल्टरही आम्ही याच रीतीने तपासायला घेतलेत. तुमचा जुना फिल्टर आणायचा असेल तर काढल्यावर लगेच जाड पिशवीत घाला, भोकं वर ठेवा, मीटरवरचे तास कागदावर लिहा आणि तो पुसू किंवा धुऊ नका. कापायचे पैसे लागत नाहीत. गाडी ज्याच्या हाती असते त्यालाही सोबत आणलं तर बरं.