चाचीचा डबा

वरणाच्या पातेल्यावर बसेल असं झाकण हुडकत होतो. झाकण काही मिळालं नाही, माळ्यावरच्या ट्रंकेत चाचीचा डबा मिळाला. स्टीलचा, कडीचा, बुडाला पोचा आलेला. पोटावर मशीननं टोचून उर्दूत नाव घातलंय. ते आमच्या घरात कुणालाच कधी वाचता आलं नाही.

खडेबाजाराच्या मागच्या बोळात आमची नि चाचीची भिंत एकच. रमजान ईदच्या सकाळी चाचा कानात अत्तराचा फाया घालून ईदगाहवरनं परतले, की अर्ध्या तासात हा डबा आमच्या उंबऱ्यावर. वर चारोळ्या, तळाला फुगलेला खजूर. बाकीचे शिरखुर्मा गरम गरम ओरपायचे. माझं मत तेव्हाही वेगळं होतं, आजही आहे. शिरखुर्मा खावा तो दुसऱ्या दिवशी. रात्रभर शेवया दूध पिऊन बसतात, चमचा उभा राहतो. मी माझी वाटी फडताळात लपवायचो आणि रात्री दोनदा उठून बघायचो.

१९८३-८४ च्या सुमाराला ईद जुलैत यायची. बेळगावचा जुलै! जिथं चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तिथं चंद्र कोण दाखवणार? तरी आम्ही पोरं पोत्याच्या खोळी घेऊन गच्चीवर. एकानं तर खांबावरचा दिवा बघून "दिसला, दिसला" केलं होतं. चाची खालनं ओरडली, "नीचे उतरो रे, सर्दी होती!" चंद्र नाही, कुठनं खबरही नाही, म्हणजे उद्या तिसावा रोजा. शेवयांना मात्र पावसाची फिकीर नव्हती. त्या मे महिन्यातच झालेल्या असायच्या, बाजेला यंत्र आवळून. दांडा फिरवायला आम्ही पाळ्या लावायचो, नि कच्च्या शेवया खाऊन शिव्याही.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते. आपण अधिक महिना घालून सणांना जागेवर आणतो, त्यांच्यात ते नाही. फिरत फिरत २०२५ ला ३० मार्चला पाडवा नि ३१ ला ईद. आदल्या दिवशी श्रीखंड, दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी शिरखुर्मा. पोटाचं काय झालं ते विचारू नका.

तर डबा. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा आईचा कायदा. घाईत असली तर मूठभर साखर, हातात पैसे असले तर कुंदा. त्या वर्षी म्हणाली, राहू दे, दिवाळीला चकल्या घालून देऊ. दिवाळीच्या आधीच चाची मुलाकडं हुबळीला गेली.

आईला डबा दाखवला. तिनं तो चिंचेनं घासला, पदरानं पुसला, दोन मुठी साखर घातली नि कडी लावली.

"मुंग्या लागतील की गं."

"लागू देत," म्हणाली, आणि परत माळ्यावर ठेवायला सांगितला.